‘तिथं गेल्यावर शिकशील’ म्हणणाऱ्यांना उत्तर

परदेशात कामाला निघालेल्या पोराला आपल्याकडे एक सल्ला हमखास मिळतो : आधी जा तर खरं, काम आणि भाषा तिथं गेल्यावर आपोआप येते. सल्ला देणारा कधी मामा असतो, कधी आखातात दहा वर्षं काढून आलेला गाववाला, आणि एजंट तर असतोच. पहिल्या दोघांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असं ते मनापासून मानतात. पण आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या कमरेला डबा बांधलेला असतो आणि काठावर कोणीतरी मोठं माणूस उभं असतं. ज्याला हातचं काम येत नाही आणि त्या देशाची भाषाही येत नाही, तो विमानात बसतो तेव्हा यातलं काहीच त्याच्याजवळ नसतं. त्याचा पगार किती, तो राहणार कुठं, मालक बदलू शकणार की नाही, घरी कधी परतणार, हे सगळं दुसराच कोणीतरी ठरवतो. परदेशी जाऊ नये असं मला अजिबात म्हणायचं नाही. पोट भरण्यासाठी आणि घर वर आणण्यासाठी माणसानं कुठंही जावं, तो त्याचा हक्क आहे. माझा विरोध आहे तो शिकणं पुढं ढकलण्याला, कारण ते पुढं ढकलण्याची सगळी किंमत एकट्या जाणाऱ्याला मोजावी लागते.

भाषा न येण्याची किंमत कुठवर जाऊ शकते हे रशियात गेलेल्या भारतीय तरुणांनी दाखवलं. युक्रेनशी युद्ध सुरू असताना गुजरात, तेलंगण, पंजाब, केरळ अशा राज्यांतल्या मुलांना ‘हेल्पर’च्या कामाचं आमिष दाखवलं गेलं. आघाडीपासून दूर मदतनिसाचं काम, भारतात स्वप्नातही मिळणार नाही असा पगार. तिथं पोहोचल्यावर सह्या घेतल्या गेल्या त्या रशियन भाषेतल्या करारांवर. सही करणाऱ्याला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. काही दिवसांच्या प्रशिक्षणानंतर त्यातले अनेक जण बंदूक घेऊन आघाडीवर होते. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्रीय अन्वेषण विभागानं या माणसांच्या व्यापाराचं जाळं उघड केलं. छापे पडलेल्या शहरांत मुंबईही होती. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलेला हिशेब असा : रशियन सैन्यात गेलेले १२६ भारतीय, त्यातले ९६ परत आले, १२ जण मारले गेले, १६ जणांचा पत्ता नव्हता. युद्ध हे टोकाचं उदाहरण आहे, त्यावरून सगळ्याच देशांचा न्याय करू नये, असं कोणी म्हणेल. परिणाम टोकाचा आहे हे मान्य. पण रीत मात्र रोजचीच आहे. न वाचता येणाऱ्या कागदावर सही घेणं, भारतात सांगितलेलं काम एक आणि तिथं दिलेलं काम दुसरं, आणि ‘सगळं व्यवस्थित आहे’ असं सांगणारा तोच एक मध्यस्थ, हे तिन्ही आखातातल्या कामगार छावण्यांतही सापडतं. रशियातल्या मुलांच्या नशिबी त्या कागदात युद्ध लिहिलेलं होतं, एवढाच फरक.

आता ‘तिथं गेल्यावर शिकशील’ या वाक्याचा हिशेब मांडून पाहू. भारताच्या नियमांनुसार नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर एवढंच घेता येतं. प्रत्यक्षात लाखांचे व्यवहार होतात, हे ज्या तालुक्यांतून माणसं बाहेर जातात तिथं कोणालाही विचारावं. सर्वांत जास्त पैसा कोणाकडून उकळला जातो? ज्याच्याजवळ विकायला कसब नाही त्याच्याकडून. प्रमाणपत्र असलेल्या वेल्डरची मालकाला गरज असते, म्हणून बऱ्याचदा त्याचा खर्च मालक उचलतो. ज्याच्या जागी उद्या दुसरा कोणीही उभा राहू शकतो, त्याला मात्र नोकरी विकत घ्यावी लागते. हे पैसे येतात कर्जातून, दागिन्यांतून, गुंठा-दोन गुंठे जमीन गहाण टाकून. माणूस परदेशी पाय ठेवतो तेव्हा पहिल्या वर्षाचा पगार आधीच सावकाराचा झालेला असतो. मग पगार ठरल्यापेक्षा कमी निघाला तरी तो काम सोडू शकत नाही, कारण रिकाम्या हातानं गावी परतलं तर कर्ज तसंच उभं असतं. आणि शिकणार तरी कधी? बारा तासांची पाळी, तासाभराचा बसप्रवास, एका खोलीत आठ-दहा जण, तेही सगळे आपल्याच भागातले. अशा दिवसात भाषेला जागा उरत नाही. कामाचंही तेच. माती उपसायला आणि सिमेंटच्या गोण्या वाहायला नेमलेल्या माणसाला प्लंबिंग शिकवण्यात मालकाचा कसलाही फायदा नाही. त्यामुळे वीस-वीस वर्षं आखातात काढूनही अरबी वाचता न येणारी, मजूर म्हणून गेलेली आणि मजूर म्हणूनच परतलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत. दोष त्यांच्या आळसाचा नाही. ज्या परिस्थितीत त्यांना ढकललं गेलं तिथं शिकायची सोयच नव्हती.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की दुबईत, मस्कतमध्ये हिंदी चालते. चालते, खरं आहे. दुकानात चालते, मेसमध्ये चालते, शेजारच्या खाटेवरच्या पाकिस्तानी किंवा बांगलादेशी सोबत्याशी चालते. पण सगळं सुरळीत असतं तेव्हा माणसाला भाषेची फारशी गरजच नसते. पगार तीन महिने थकला, हात यंत्रात सापडला, पासपोर्ट मालकानं काढून घेतला, खोटी तक्रार झाली, तेव्हा काय? करार अरबीत असतो. दोन भाषांत असला आणि अर्थावरून वाद झाला तर अरबी मजकूर ग्राह्य धरला जातो. पोलीस ठाण्यातला जबाब अरबीत असतो, न्यायालयाचा कारभार मुख्यतः अरबीत चालतो. त्या क्षणी कामगाराला दुभाषा लागतो, आणि पुष्कळदा तो दुभाषा मालकाचाच माणूस असतो. भाषांतर करणारं अ‍ॅप मोबाईलमध्ये आहे, हा हल्लीचा नवा दिलासा. रस्ता विचारायला ते उत्तम. पण परांचीवर उभं असताना खालून कोणी धोक्याची सूचना ओरडून दिली तर मोबाईल खिशातून काढायला वेळ नसतो. अरबी साहित्य वाचता यावं असं कोणी मागत नाही. पगारपत्रक, कराराची मुदत, सुट्टी, औषधाची चिठ्ठी आणि धोक्याची पाटी एवढं वाचता यावं, ‘मी हे केलेलं नाही’ एवढं स्वतःच्या तोंडानं सांगता यावं, इतकंच म्हणणं आहे.

कसबाच्या बाबतीत इस्रायलचं उदाहरण ताजं आहे आणि ते महाराष्ट्राच्या अंगणापर्यंत आलेलं आहे. २०२३ मध्ये भारत आणि इस्रायल यांच्यात ४२,००० भारतीय कामगार पाठवण्याचं ठरलं, त्यातले ३४,००० बांधकामासाठी. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथं युद्ध पेटल्यावर पॅलेस्टिनी कामगारांना बंदी झाली आणि मागणी एकदम वाढली. सरकारच्याच कौशल्य विकास महामंडळामार्फत भरती झाली. पहिल्या फेरीत १६,८३२ जण कौशल्य चाचणीला बसले आणि १०,३४९ निवडले गेले. सेंटरिंगचं सुतारकाम, सळई वाकवणं, गिलावा, टाईल बसवणं या कामांसाठी महिना १ लाख ९२ हजार रुपये, वर विमा, जेवण, राहणं. दुसऱ्या फेरीतली निवड पुण्यात ठेवली होती. एवढा पगार ऐकून ज्यांनी कधी थापी हातात धरली नव्हती तेही रांगेत उभे राहिले, आणि त्यांना मी दोष देणार नाही. पण घाईघाईच्या चाचणीतून निसटून गेलेला माणूस बांधकामावर निसटून जाऊ शकत नाही. तिथं फर्मा ओळंब्यात उभा राहिला नाही की पहिल्याच दिवशी कळतं. अनुभव नसल्यामुळे अनेकांना बांधकामावरून काढून साफसफाई, माल चढवणं-उतरवणं अशा कामांवर लावलं गेल्याच्या बातम्या २०२४ मध्येच आल्या. ज्या पगाराच्या आशेनं युद्धाच्या छायेतल्या देशात जायचं धाडस केलं, तो पगार ज्या कामासाठी होता ते कामच हातातून गेलं. यात भारतीय गवंड्याचं नावही खराब झालं. पिढ्यान्‌पिढ्या चुना-सिमेंटात हात घातलेला खरा गवंडी पुढच्या वेळी रांगेत उभा राहील तेव्हा त्याच्याकडेही संशयानंच पाहिलं जाईल.

‘आपले पूर्वज काही न शिकता गेले आणि सोनं करून आले,’ हा युक्तिवाद भावनेला हात घालतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. १८३४ पासून मॉरिशसला करारबद्ध मजूर जाऊ लागले, त्यात कोकणातले मराठी लोकही होते. त्यांच्या वंशजांनी तिथं भाषा टिकवली, सण टिकवले, मानाचं स्थान मिळवलं, याचा अभिमान मलाही आहे. पण ते यश पुढच्या पिढ्यांचं आहे. स्वतः गेलेल्या माणसानं न वाचता आलेल्या पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवला होता, आणि उसाच्या मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापली जात होती. नातवंडांच्या भरभराटीवरून आजोबांच्या हालांना योग्य ठरवता येत नाही. दुसरं उदाहरण दिलं जातं ते १९७३ च्या तेल दरवाढीनंतर आखातात गेलेल्या रत्नागिरी-रायगडच्या लोकांचं. तेव्हा ते देश शून्यातून उभे राहत होते, हात कमी पडत होते, आणि कोणाही अंगमेहनतीच्या माणसाला रुपयाच्या मानानं मोठा पगार मिळत होता. ती वेळ गेली. सौदी अरेबिया आता प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर यांची चाचणी भारतातच घेतो.  परदेशातल्या भारतीयांनी घरी पाठवलेल्या पैशातला आखाती देशांचा वाटा २०१६-१७ मध्ये सुमारे ४७ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३८ टक्क्यांवर आला, आणि एकट्या अमेरिकेचा वाटा जवळजवळ २८ टक्के झाला, असं रिझर्व्ह बँकेची पाहणी सांगते. पैसा कसबाच्या मागे गेला आहे. आणि पूर्वज सगळेच काही न शिकता गेले, हेही खरं नाही. गोव्याच्या तारवट्यांकडे, म्हणजे खलाशांकडे, पाहावं. ते बोटींवर गेले ते आचारी, स्टुअर्ड, वादक म्हणून. चर्चच्या शाळांतून स्वरलिपी वाचायला शिकलेला गोव्याचा मुलगा जगातल्या कुठल्याही बँडमध्ये बसू शकत होता. मुंबईत धोबीतलाव-माझगावच्या कुडींमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक निवासांमध्ये, बोटीची वाट पाहत राहताना जुन्या खलाशांकडून बोटीवरचे रीतिरिवाज नव्यांना कळत. त्या लोकांनी बाहेर जाण्याआधीची तयारी हा गावगाड्याचाच भाग करून टाकला होता. पूर्वजांकडून घ्यायचं तर हे घ्यावं.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. ते म्हणतात : भाषा शिका, प्रमाणपत्र घ्या, हे सांगणं पोट भरलेल्यांना सोपं आहे, ज्याच्या घरी दोन एकर कोरडवाहू जमीन आणि बहिणीचं लग्न उभं आहे, त्यानं वर्षभर वर्गात बसायचं कसं? अशा अटी घालणं म्हणजे गरिबासाठी दार बंद करणं. या आक्षेपाला नेपाळच्या तरुणांनी उत्तर दिलेलं आहे. दक्षिण कोरियानं २००४ मध्ये परदेशी कामगारांसाठी सरकारी परवाना पद्धत सुरू केली. भरती थेट सरकार ते सरकार होते, मध्ये खासगी एजंट नाही, आणि कोरियन भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय नाव यादीत येत नाही. नेपाळ २००७ मध्ये या पद्धतीत सामील झाला. तेव्हापासून डोंगरातल्या गावांतली, शेतकऱ्यांची, मजुरांची मुलं हजारोंच्या संख्येनं काठमांडू, पोखरा, चितवनच्या वर्गांतून कोरियन लिपी घोकत बसतात. ती आपल्या मुलांपेक्षा श्रीमंत नाहीत. कोरियात परदेशी कामगारालाही कायद्यानं स्थानिकाएवढंच किमान वेतन द्यावं लागतं, आणि ते मागण्याएवढी भाषा त्याला येत असते. म्हणूनच परीक्षेला एवढी गर्दी होते. भारत या पद्धतीत नाही. फिलिपिन्सचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. घरकामाला जाणाऱ्या बायकांच्या छळाच्या बातम्या वाढल्या तेव्हा, २००६ मध्ये, त्या सरकारनं ठरवलं की सरकारी कौशल्य प्रमाणपत्र आणि जाणार त्या देशाच्या भाषेची-चालीरीतींची ओळख याशिवाय कोणालाही घरकामासाठी पाठवायचं नाही, आणि किमान पगार महिना २०० डॉलरवरून ४०० डॉलर करायचा. तेव्हाही दार बंद होईल अशी ओरड झाली. कागदावरचा पगार सगळ्यांच्या हाती पडला असं नाही, पळवाटा निघाल्या, हे मान्य करायला हवं. पण फिलिपिनो बायकांना मागणी कायम राहिली आणि आखातात घरकामाच्या पगारात त्या वरच्या पायरीवर राहिल्या. ज्या गरिबाला वर्ष थांबता येत नाही असं आपण म्हणतो, तोच गरीब तयारीविना गेला तर कर्ज फेडण्यातच दीड-दोन वर्षं घालवतो. ती वर्षं आपण मोजत नाही, कारण ती दूर कुठंतरी, आपल्या डोळ्यांआड जातात.

शिकलेलेही फसतात, असंही सांगितलं जातं. फसतात. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी म्हणून नेलेली, इंग्रजी उत्तम येणारी मुलं म्यानमारच्या सीमेवरच्या सायबर गुन्ह्यांच्या अड्ड्यांवर कोंडली गेली; २०२५ च्या मार्चमध्ये भारतानं दोन दिवसांत ५४९ जणांना विमानानं परत आणलं. कसब आणि भाषा असली की गुन्हेगार जवळ येत नाहीत असा दावा मी करत नाही. पण त्यावरून ‘मग शिकून उपयोग काय’ असं ठरवणं म्हणजे शिकलेला माणूस फसलाच तर निदान कुठं आहोत, कोणाला कळवायचं, काय लिहायचं हे त्याला कळतं, याकडे डोळेझाक करणं आहे.

खरा दोष जाणाऱ्याचा नाहीच. तो आहे त्याला तयार करण्याचं काम ज्यांच्यावर आहे त्यांचा. दहावी न झालेल्या कामगारासाठी आपल्याकडे १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे, अठरा देशांत जायचं तर त्याला सरकारी मंजुरी लागते, आणि निघण्याआधी एक दिवसाचं प्रशिक्षण मिळतं. एक दिवस! एका दिवसात कायदा, चालीरीती, विमा, दूतावासाचा पत्ता हे जेमतेम ऐकून होतं. याउलट केरळनं नोर्का रूट्स या आपल्या संस्थेमार्फत २०२१ पासून जर्मनीच्या केंद्रीय रोजगार खात्याशी थेट करार करून परिचारिकांना भाषा शिकवून पाठवायला सुरुवात केली. महाराष्ट्रानंही २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला आणि पहिल्या टप्प्यात १०,००० तरुण पाठवण्याचं जाहीर केलं. कल्पना चांगली होती. पण अशा योजनेचं यश करारावरच्या सह्यांत नसतं, ते जर्मनच्या वर्गात असतं. गोएथे इन्स्टिट्यूटच्या हिशेबानं ए-१ पातळीला ८० ते २०० तासिका लागतात, बी-१ ला ३५० ते ६५०, आणि बी-२ ला ६०० ते ८००. परिचारिका म्हणून जर्मनीत पूर्ण मान्यता हवी तर साधारणपणे बी-२ लागतं. आज गावोगावच्या क्लासांच्या पाट्यांवर ‘जर्मनी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं आणि विकलं जातं ते ए-१, म्हणजे नाव, गाव, वय सांगण्यापुरती भाषा. ते घेऊन रुग्णालयात औषधाचं प्रमाण विचारता येत नाही. पुण्यातल्या मुलाला मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. बीड, हिंगोली, गडचिरोलीच्या मुलाला काय आहे? राज्यात चारशेहून जास्त शासकीय आयटीआय आहेत. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन तिथंच घडतात. त्यातल्या निदान प्रत्येक जिल्ह्याच्या एका आयटीआयमध्ये जर्मन किंवा जपानी शिकवणारा पूर्णवेळ शिक्षक नेमणं राज्याला जड नाही. जपाननं २०१९ पासून सुरू केलेल्या कुशल कामगार व्हिसासाठी भारताशी २०२१ मध्येच करार केला आहे. त्याला कामाची परीक्षा आणि मूलभूत जपानी या दोनच गोष्टी लागतात. दोन्ही एकाच इमारतीत, शासकीय शुल्कात, शिकताना विद्यावेतन देऊन शिकवता येतील. त्यासाठी लागणारा पैसा आज कर्ज काढून एजंटांना दिल्या जाणाऱ्या पैशांपेक्षा नक्कीच कमी असेल.

तोवर निर्णय घराघरांतच होणार आहेत, म्हणून पोरांच्या आईबापांना आणि त्या मामालाही एक विनंती. पैसे देण्याआधी एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. ३०,००० च्या वर मागणी झाली तर तिथंच थांबा. करार हातात घेऊन पोराला विचारा, यातलं तुला काय वाचता येतं आणि तिथं जे काम आहे ते तू इथं किती दिवस केलं आहेस. दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘तिथं गेल्यावर शिकेन’ असं आलं, तर त्याला या वर्षी पाठवू नका. जमीन गहाण टाकून उभा केलेला पैसा त्याच्या शिकण्यावर खर्च करा.